‘फॉर्मॅट मारा’: खानदेशातल्या एका दुरुस्तीचा इतिहास

विंडोजचे अपडेट मध्येच अडकले आणि घरचा संगणक सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडू लागला, की जळगाव-धुळ्याकडे बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: फॉर्मॅट मारून टाका, नवीन विंडोज टाका. अपडेट नेमके कुठे अडले, डिस्कवर जागा होती का, घड्याळ बरोबर होते का, कुठला ड्रायव्हर आडवा आला, हे पाहायच्या आधीच सी ड्राइव्ह पुसायची तयारी सुरू होते. बाहेरच्याला हे कारागिराचे अज्ञान वाटते. शिकलेल्या माणसाला त्यात आळस दिसतो, आणि ज्याचे फोटो गेले त्याला लबाडी. मला हे तिन्ही निकाल पटत नाहीत. ही सवय साधारण १९९८ ते २०१२ या काळात घडली. वीज, टेलिफोनची लाइन आणि हातोहात फिरणारी सीडी या तीन गोष्टींनी ती घडवली, आणि त्या परिस्थितीत ती शहाणपणाचीच होती. पुढे परिस्थिती बदलली तरी सवय राहिली, आणि तिच्या खुणा घराघरांतल्या हार्ड डिस्कवर राहिल्या. आज या भागात जी अपडेट फसतात त्यांतल्या पुष्कळांचे मूळ त्या खुणांत सापडते.

घरगुती संगणक खानदेशात आला तो शिक्षणाच्या वाटेने. जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. धुळे, फैजपूर, शिरपूर इथली अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि बी.सी.ए., बी.सी.एस.सारखे अभ्यासक्रम यांनी पहिला ग्राहक तयार केला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली, आणि तालुक्यातालुक्यात केंद्रे निघाली. क्लासमध्ये मिळणारा सराव अपुरा म्हणून घरी मशीन घेतले जाऊ लागले. ते बहुधा असेंबल्ड असे. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि इथे डबा जुळवून द्यायचा, असा धंदा जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या संकुलांत आणि धुळ्याच्या पेठांत उभा राहिला. दुसरा ग्राहक होता डीटीपीवाला. लग्नपत्रिका, हँडबिले, निवडणुकीची पत्रके, सहकारी संस्थांचे अहवाल या कामांसाठी त्याने पेजमेकर आणि श्रीलिपी घातलेले मशीन घेतले. या दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या. विद्यार्थ्याचे मशीन बंद पडले तर परीक्षा चुके. डीटीपीवाल्याचे बंद पडले तर लग्नसराईतला आठवडा बुडे. दोघांनाही आज संध्याकाळपर्यंत चालू होणारे मशीन हवे होते.

आता वीज. भुसावळजवळ दीपनगरला साठच्या दशकापासून औष्णिक वीज तयार होते, पण तिथून दिसणाऱ्या गावांनीही २००५ नंतरची काही वर्षे अंधारात काढली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रातले भारनियमन सर्वांत कडक झाले. ग्रामीण भागात बारा तास आणि त्याहूनही जास्त वीज जाई. ज्या फीडरवर वीजगळती जास्त आणि वसुली कमी, त्यावर भारनियमनाचे तास जास्त, अशी गटवारी होती. विंडोज ९८ ही प्रणाली फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर चाले. तिथे लिहिणे अर्धवट राहिले तर काय लिहायचे होते याची नोंद कुठेच उरत नसे. लाइट परत आली की स्कॅनडिस्कचा निळा पडदा येई. पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये एनटीएफएस ही नोंद ठेवणारी पद्धत होती, तरी घरची कितीतरी मशीन फॅट-३२ वरच राहिली. आणि एनटीएफएस असली तरी धोका टळत नव्हता. अपडेट म्हणजे प्रणालीच्या मूळ फायली काढून त्या जागी नव्या बसवणे आणि रजिस्ट्रीत तशी नोंद करणे. हे चालू असताना वीज गेली तर रजिस्ट्रीची मुख्य फाइलच खराब होऊ शके. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर संदेश येई, की सिस्टिम ३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली सिस्टिम ही फाइल हरवली आहे किंवा बिघडली आहे. त्या वर्षांत दुरुस्ती केलेल्या माणसाला हा संदेश आजही पाठ असेल. ज्यांच्याकडे यूपीएस होता त्यांचीही बॅटरी सतत उतरून उतरून लवकर खलास होई, आणि मग तो यूपीएस विजेच्या बटणाइतकाच उपयोगाचा राही.

यावर कुणी म्हणेल, भारनियमन तर सगळ्या महाराष्ट्रात होते, मग ही सवय खानदेशाची कशी? आक्षेप रास्त आहे, आणि ही सवय फक्त खानदेशाची आहे असे मी म्हणतही नाही. विदर्भ-मराठवाड्यातही ती आहे. पण भारनियमन सगळीकडे सारखे नव्हते. मुंबई त्यातून जवळजवळ मुक्त होती. पुण्यात २००६ पासून उद्योगांच्या स्वतःच्या विजेचा आधार घेऊन शहर भारनियमनमुक्त ठेवायची व्यवस्था झाली. जळगावची गळती इतकी मोठी मानली गेली, की २०११ मध्ये शहर आणि परिसराचे वितरण नागपूर-औरंगाबादसोबत खासगी फ्रँचायझीकडे दिले गेले; ते २०१५ मध्ये पुन्हा महावितरणकडे आले. म्हणजे ज्या वर्षांत पुण्यातला विद्यार्थी अपडेट रात्रभर चालू ठेवून झोपू शकत होता, त्याच वर्षांत चोपड्याच्या किंवा साक्रीच्या विद्यार्थ्याला तसे करणे म्हणजे मशीन पणाला लावणे होते. अपडेटबद्दलचा विश्वास किंवा अविश्वास माणसाच्या शिक्षणावर ठरला नाही, तो फीडरवर ठरला.

दुसरी अडचण लाइनची. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये आला. त्याची पूर्ण फाइल सुमारे २७० एमबीची. डायल-अपवर सेकंदाला चार-पाच केबी उतरत, म्हणजे हिशोब पंधरा ते एकोणीस तासांवर जाई, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे डेटावन ब्रॉडबँड आले, पण स्वस्त योजनांत महिन्याला मिळणारा डेटा अगदी मोजका. वरच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डेटा फुकट असे, म्हणून मोठे डाउनलोड लोक त्या वेळात लावत. पहाटेच्या भारनियमनाशी त्याची गाठ पडली की अर्धी उतरलेली फाइल हाती राही. त्यामुळे अपडेट हे इंटरनेटवरून आपोआप येणारे काहीतरी आहे ही कल्पनाच इथे रुजली नाही. सर्व्हिस पॅक मिळे तो संगणक मासिकासोबतच्या सीडीवरून किंवा दुकानदाराच्या पाउचमधून. अपडेट म्हणजे वर्षातून एकदा, माणसाच्या हाताने, नव्या विंडोजबरोबर टाकायची वस्तू, असे समीकरण बसले. फॉर्मॅट आणि अपडेट या दोन गोष्टी इथे एकत्र चिकटल्या त्या या ठिकाणी.

तिसरी गोष्ट सीडी. यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वीज आणि लाइन हे निमित्त, खरे कारण चोरीची विंडोज. मूळ प्रत विकत घेतली असती तर अपडेट बंद ठेवायची वेळच आली नसती, असा हा आक्षेप. यातला मोठा भाग खरा आहे. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने सर्वत्र फिरलेल्या दोन चाव्या नाकारल्या. २००६ पासून प्रत अस्सल आहे का हे तपासणारा कार्यक्रम अपडेटच्याच वाटेने घरात येऊ लागला, आणि २००८ मध्ये त्याने नकली एक्सपीचा डेस्कटॉप काळा करायला सुरुवात केली. तेव्हापासून विंडोज टाकून झाल्यावर कारागिराचे शेवटचे काम ठरून गेले: ऑटोमॅटिक अपडेट बंद करणे. त्याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये ज्या छिद्रावर मायक्रोसॉफ्टने तातडीचा उपाय दिला होता, त्याच छिद्रातून पुढच्या महिन्यात कॉन्फिकर नावाचा किडा (वर्म) शिरला, आणि नंतर पेन ड्राइव्हवरूनही पसरला. फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, सायबर कॅफे अशा ज्या ठिकाणी दिवसभर पेन ड्राइव्ह फिरत तिथे त्याला रान मोकळेच होते. तरीही एवढ्यावर सगळे बसत नाही. एमएस-सीआयटी केंद्रांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत परवान्याच्या प्रती होत्या, आणि ब्रँडेड मशीनवर मूळ विंडोज येत असे. त्यांनाही तोच उपचार मिळाला, कारण वीज जायची ती परवाना पाहून जात नव्हती. नक्कल केलेल्या सीडीने सवयीला बळ दिले हे मान्य; सवय जन्माला मात्र तिने घातली नाही.

आता कारागिराच्या टेबलाजवळ जाऊन पाहावे. रजिस्ट्रीची फाइल बिघडलेले एक्सपी दुरुस्त करण्याचा शास्त्रोक्त मार्ग होता. मूळ सीडीने रिकव्हरी कन्सोल उघडायचा, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून कॉन्फिग फोल्डरातल्या पाच फायलींची नावे बदलायची, रिपेअर फोल्डरातल्या जुन्या प्रती त्यांच्या जागी आणायच्या, सेफ मोडमध्ये यायचे, रिस्टोअर पॉइंटमधून ताज्या नोंदी शोधायच्या, पुन्हा कन्सोलमध्ये जाऊन त्या बसवायच्या. एक अक्षर चुकले तर पहिल्यापासून. रिस्टोअर बंद ठेवलेला असेल, आणि डिस्कवर जागा वाचावी म्हणून तो बहुधा बंदच असे, तर सगळी मेहनत पाण्यात. सीडी ‘घोस्ट’ची, म्हणजे दुसऱ्या मशीनची छबी उतरवलेली असेल, तर कन्सोलच नाही. याच्या उलट नवीन एक्सपी टाकताना पडद्याच्या डाव्या बाजूला चक्क लिहून येई: साधारण ३९ मिनिटे शिल्लक. ड्रायव्हर, ऑफिस, श्रीलिपी, अँटीव्हायरस धरून दीड-दोन तास. भारनियमनाच्या दोन पाळ्यांमध्ये मिळणारी वीज ही तेवढीच. एक काम निश्चित वेळात संपणारे आणि दुसरे कधी संपेल ते सांगता न येणारे. व्हिजिट चार्ज दोन्हीला सारखाच. अशा वेळी फॉर्मॅट निवडणाऱ्याला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला दोन्ही मार्ग माहीत असत, आणि आपल्या गावात कोणता तडीस जातो हेही माहीत असे.

या निवडीतूनच डिस्कची वाटणी आली. सी ड्राइव्ह वीस-तीस जीबीचा, तो केव्हाही पुसला जाणार. उरलेल्या जागेचे डी, ई आणि कधी एफ. ‘डेस्कटॉपवर काही ठेवू नका, सगळे डी मध्ये ठेवा’ हा उपदेश मशीनसोबत मिळे. ज्यांनी तो पाळला त्यांचे वाचले. ज्यांनी पाळला नाही त्यांचे लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, दुकानाची खाती एका दुपारी गेली, कारण माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे दोन्ही सी मध्येच राहतात हे बऱ्याच जणांना फॉर्मॅटनंतर कळले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ साली ज्या धुळ्यात वारले, आणि ज्या धुळ्यात त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जपली, त्या शहरात घरोघरची ही कागदपत्रे अशी पुसली गेली याचे मला मनापासून दुःख होते. पण डी ड्राइव्ह हा या भागाने स्वतःच शोधलेला उपाय होता, आणि बॅकअपची दुसरी कुठलीच सोय परवडत नसताना त्याने पुष्कळ काही राखले, हेही तितकेच खरे.

मग सगळे बदलले. व्हिस्टापासून, आणि घरोघर पोहोचलेल्या विंडोज ७ पासून, अपडेटची रचनाच वेगळी झाली: नवे भाग आधी बाजूला साठवायचे, काय बदलायचे त्याची यादी लिहून ठेवायची, काम मध्ये तुटले तर यादी पाहून मागे फिरायचे. ‘रिव्हर्टिंग चेंजेस’ हा संदेश लोकांना भीतिदायक वाटला, खरे तर तो प्रणाली वाचल्याचा होता. २०१२ पासून भारनियमन उतरत गेले. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली, तिने घरगुती आवृत्तीत अपडेट बंद करण्याचा सरळ मार्गच काढून टाकला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटाचा प्रश्न मिटवला. ज्या तीन कारणांनी फॉर्मॅटची सवय लागली होती ती तिन्ही चार-पाच वर्षांत ओसरली. आता अडकलेल्या अपडेटचे कारण बहुधा शोधता येते. सर्वांत साधे उदाहरण घड्याळाचे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा रुपयाएवढा सेल असतो. मशीनला वीज असेपर्यंत त्याच्यावर ताण नसतो. भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ चालवण्याचा भार त्याच्यावर येतो. कमी-जास्त दाबाला भ्यालेली आपल्याकडची घरे काम झाले की बटण बंद करतात, म्हणून हा सेल लवकर संपतो, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे मशीनला भविष्यातली वाटतात आणि अपडेट सुरूच होत नाही. काही रुपयांच्या सेलने सुटणाऱ्या या दुखण्यावर फॉर्मॅट मारला तर दुसऱ्या दिवशी तेच दुखणे परत येते. डिस्क भरलेली असणे, श्रीलिपीच्या किंवा टॅलीच्या डोंगलचा जुना ड्रायव्हर, अर्धवट काढलेला अँटीव्हायरस, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत धुळीने गुदमरलेला पंखा आणि अपडेटच्या ताणाने तापून बंद पडणारा प्रोसेसर, ही कारणेही तपासून दूर करता येतात. खराब झालेल्या फायली शोधणाऱ्या आणि बदलणाऱ्या एसएफसी व डिस्म या आज्ञा विंडोजमध्येच असतात. सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डरचे नाव बदलले की अर्धवट उतरलेली अपडेट नव्याने उतरतात. यातल्या कशानेही कुणाचा फोटो पुसला जात नाही.

यावर शेवटचा आक्षेप असा, की दोष मायक्रोसॉफ्टचा असताना खानदेशातल्या कारागिराच्या सवयींचा इतिहास कशाला उगाळायचा? दोष आहेच. ऑक्टोबर २०१८ चे अपडेट लोकांच्या फायली पुसत होते म्हणून काही दिवसांत थांबवावे लागले. जानेवारी २०२४ चे एक सुरक्षा अपडेट जगभर असंख्य मशीनवर फसले. पण ही दोन्ही उदाहरणे जवळून पाहिली की वाटणीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. २०१८ मध्ये फटका बसला तो डॉक्युमेंट्सचे फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे वळवलेल्या आणि काही फायली जुन्या जागी राहिलेल्या लोकांना. डॉक्युमेंट्स डी मध्ये हलवणे हा तर इथला जुना उपदेश. २०२४ मध्ये अडचण होती रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नसण्याची. कंपनीनेच ते लहान ठेवले होते, पण ज्यांच्या डिस्कची हाताने चिरफाड झाली होती त्यांना ते वाढवणे आणखी अवघड गेले. आणि विंडोजची मोठी अपडेट उतरताना कित्येक जीबी मोकळी जागा मागतात, तेव्हा तीस जीबीचा सी ड्राइव्ह लाल झालेला असतो आणि शेजारी डी मध्ये दोनशे जीबी रिकामे पडलेले असतात. एकेकाळी ज्या भिंतीने फोटो वाचवले, तीच भिंत आता अपडेटला आत येऊ देत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा, आणि बूट व्हायला जीपीटी पद्धतीची डिस्क हवी. प्रोसेसर चालणारा असूनही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असलेली असेंबल्ड मशीन या भागात कमी नाहीत, कारण जुन्याच सवयीने, जुन्याच पेन ड्राइव्हने ती फॉर्मॅट झालेली असतात. २०१७ पासून विंडोजमध्ये एक अवजार मिळते, जे काहीही न पुसता एमबीआरची जीपीटी करून देते. त्याची अट एकच जाचक आहे: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्राथमिक पार्टिशन असावीत आणि विस्तारित, म्हणजे आत आणखी ड्राइव्ह सामावणारे, पार्टिशन अजिबात नसावे. सी, डी, ई, एफ अशी वाटणी केली की ई आणि एफ विस्तारितातच जातात, आणि एक्सपीच्या काळच्या वाटणीत तर डी सुद्धा. अवजार अशा डिस्कला तपासणीतच नाकारते. तेव्हा ई आणि एफ मधले, आणि डी विस्तारितात असेल तर त्यातलेही, सगळे आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, ते ड्राइव्ह आणि त्यांचे विस्तारित पार्टिशन काढून टाकायचे आणि मगच रूपांतराला हात घालायचा, हा क्रम कारागिराने घरच्या माणसांना समोर बसवून समजावून सांगायला हवा. कोणत्या ड्राइव्हमध्ये कुणाचे काय आहे हे त्यांनाच ठाऊक असते.